नखाएवढं हिरवं

बावीस बकुळी आल्या राजमहेंद्रीच्या ट्रकमधून,
मुळं गोणपाटात, अंगाला सुतळी,
भर फेब्रुवारीत,
कारण बिल मार्चआधी निघायचं होतं.

सांगलीत, विश्रामबागेच्या रुंद केलेल्या रस्त्याकडेला
मी खड्डे मोजले. मोजमापवहीत लिहिलं:
तीन फूट बाय तीन फूट, नग बावीस, सरळ उभे.
त्यांची माती तांबडी, रवाळ.
आमची काळी.
भिजली की बूट सोडत नाही,
सुकली की जबडा उघडून पडते.

तिसऱ्या आठवड्यात पानं विटकरी झाली.
गळेनात पण. फांदीलाच लटकून,
तारेत टोचलेल्या जुन्या पावत्यांसारखी.

मी मदत केली.
म्हणजे मूठ मूठ युरिया टाकला,
रोज संध्याकाळी टँकर उभा केला,
शेंडे छाटले, बांबू आवळून बांधले
आणि साहेबांना फोनवर म्हणालो,
सर्व उपाय चालू आहेत.

धोंडाबाई झोरे, रस्ता झाडायच्या रोजंदारीवर.
दोन दिवस नुसती बघत होती.
तिसऱ्या दिवशी झाडू विजेच्या खांबाला टेकवला,
सात नंबरच्या खोडावर अंगठ्याचं नख ओढलं.
सालीखाली नखाएवढं हिरवं.
"मेलं न्हाई सायब. कामात हाय."

मग दोन बोटं काळ्या मातीत: चिखल.
तीच बोटं पुसून बुंध्याशी, तांबड्या गोळ्यात:
शेंगांच्या टरफलासारखं कोरडं.
"पानी शेजारनीच्या घरात पडतंय."

खुरप्यानं तिनं गळ्याशी आलेली माती ओढली,
मूळ सुरू होतं ती जागा उघडी केली.
आत रुतलेली प्लॅस्टिकची सुतळी कापली.
बांबूची गाठ सैल केली.
"हलू द्या थोडं. धरूनच ठिवलं तर
बूड धरायचं कसं त्यानं?"
मी युरियाची गोणी घेऊन आलो तर म्हणाली,
"ताप उतरला की लगीच मटण वाढता व्हय?"

बुधगावच्या बाजूला कुणीतरी पाचट पेटवणार होतं.
ती जाऊन भांडली, टेम्पोभर घेऊन आली.
वीतभर जाड अंथरलं, खोडापासून वीतभर लांब.
टँकर आता तीन दिवसांआड,
नळी गोळ्यावरच, धार करंगळीएवढी,
एका झाडापाशी तिची मिसरी लावून होईस्तोवर.

शुक्रवारी तक्ता द्यायचा होता:
जिवंत नग, मृत नग.
तिसरा रकाना नव्हता.
मी पेन्सिलनं भरला.

एकदा विचारलं, कुठं शिकलात हे?
"आमाला बी ट्रकनंच आणलं, धरणाच्या वरनं.
पैल्या वर्साला फारम घिऊन मानसं यायची,
करमतंय का, रुळला का.
वरीसभर इचारू नये.
पानी द्यावं नि जावं."
मग लगेच,
"कालची हजेरी लागली न्हाई माजी, तेवढी बघा."

मेमध्ये चार गेल्या.
त्यातली एक तिनं उपटून दाखवली,
मुळं स्वतःभोवतीच फिरून फिरून
कुंडीच्या आकाराची राहिलेली.
बाकीच्यांना पावसातही काही नाही.
दसऱ्याच्या आसपास एकेक फुटली:
तांब्याच्या रंगाची पानं, नागमोडी कडा,
हात लावू नये इतकी नवी.
तोवर धोंडाबाईचा ठेका संपला होता.
कुठला रस्ता झाडते, ठाऊक नाही.

मला धीर नव्हता, हे लिहून ठेवायला हवं.
कामावर जाताना सात नंबरपाशी स्कूटर थांबवायचो,
इकडंतिकडं बघून नख ओढायचो.
एकदा तिनं पकडलं.
"तपासून तपासून माराल."

सालीवर नऊ खुणा आहेत अजून,
भरून आलेल्या, फुगीर.
सगळ्यांत शेवटी फुटली ती.